विश्लेषण : ‘रूट कॅनल’ला शास्त्राचा पाया देणारे विलोबी मिलर कोण होते?

दुखणारी दाढ वाचवायची की काढून टाकायची, हा प्रश्न आज बहुतेक वेळा ‘रूट कॅनल’ने सुटतो. बोलीभाषेत या उपचाराला ‘नस काढणे’ म्हणतात. त्यामुळे तो केवळ दुखणे थांबवण्याचा उपाय आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात या उपचाराचा रोख असतो तो दाताच्या पोटात शिरलेल्या जीवाणूंवर. हे जीवाणू तिथे असतात, हे १८९४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले ते विलोबी डेटन मिलर या अमेरिकी दंतवैद्याने. मात्र त्यांच्याच एका विचाराचा विपर्यास झाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षे असंख्य रुग्णांचे दात विनाकारण उपटले गेले. मिलर यांच्या आयुष्याची आणि त्यांच्या संशोधनाच्या या उलटसुलट प्रवासाची ही ओळख...

गणिताचा विद्यार्थी दातांकडे कसा वळला?

मिलर यांचा जन्म १ ऑगस्ट १८५३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, अलेक्झांड्रिया या लहानशा गावाजवळ झाला. मिशिगन विद्यापीठातून १८७५ मध्ये ते पदवीधर झाले. ओढा गणित आणि भौतिकशास्त्राकडे होता. पुढील शिक्षणासाठी ते आधी एडिंबरा येथे आणि तिथून बर्लिनला गेले. बर्लिनमध्ये त्यांची गाठ फ्रँक अ‍ॅबॉट या अमेरिकी दंतवैद्याशी पडली आणि आयुष्याची दिशाच बदलली. अ‍ॅबॉट यांच्याकडे काम करताना दंतवैद्यकाची गोडी लागली. मिलर अमेरिकेत परतले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १८७९ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि पुन्हा बर्लिन गाठले. अ‍ॅबॉट यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला आणि पुढचा बहुतेक काळ त्यांनी बर्लिनमध्येच काढला. बर्लिन विद्यापीठाची दंतवैद्यक संस्था १८८४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वैद्यकशास्त्राची पदवीही त्यांनी त्याच शहरात मिळवली.

बर्लिनमध्येच हे संशोधन का घडले?

कारण त्या काळात जीवाणुशास्त्राचे केंद्र बर्लिन होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जीवाणू शोधल्याचे तिथेच जाहीर केले. याच कॉख यांनी पुढे कोलकात्यात कॉलऱ्याचा आणि १८९७ मध्ये मुंबईत प्लेगचा अभ्यास केला. जीवाणूंना रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, घट्ट माध्यमावर त्यांची वेगवेगळी वाढ करणे, ही तंत्रे कॉख यांनी विकसित केली होती. मिलर यांनी ती त्यांच्या प्रयोगशाळेत शिकून घेतली आणि थेट तोंडाकडे वळवली. तोंडात सूक्ष्म जीव असतात हे नवे नव्हते. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्येच दातांवरच्या थरात ते पाहिले होते. ते तिथे नेमके करतात काय, याचे पुराव्यासह उत्तर मात्र मिळालेले नव्हते.

दात किडण्याचे कारण त्यांनी कसे शोधले?

दाताला ‘कीड लागते’ असे आपण आजही म्हणतो. दात पोखरणारी एखादी अळी असते, ही समजूत जगातील अनेक संस्कृतींमध्ये होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली, तरी मग दात कशाने किडतो याबाबत मतभेद कायम राहिले. मिलर यांनी साधे, पण नेमके प्रयोग रचले. काढलेले दात त्यांनी लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात शरीराच्या तापमानाला ठेवले. दात मऊ पडू लागले. लाळ आधी उकळून घेतली, तेव्हा दातांना काहीच झाले नाही. पावाऐवजी मांस वापरले, तेव्हाही दात तसेच राहिले.

यातून चित्र स्पष्ट झाले. लाळेतील जीवाणू जिवंत हवेत आणि त्यांना पिष्टमय किंवा गोड अन्न मिळायला हवे. हे अन्न आंबवून ते आम्ल तयार करतात, आम्लाने दातातील खनिजे विरघळतात आणि मऊ झालेला भाग मग जीवाणू नष्ट करतात. तोंडातील सूक्ष्म जीवांवरचा त्यांचा ग्रंथ १८८९ मध्ये जर्मन भाषेत आणि १८९० मध्ये इंग्रजीत आला. गोड खाणे आणि दात किडणे यांचा आज शाळेत शिकवला जाणारा संबंध याच कामावर उभा आहे. दातांना चिकटून राहणाऱ्या जीवाणूंच्या थराचे महत्त्व मात्र त्यांच्या मांडणीत पुरेसे आले नव्हते. ती उणीव इतर संशोधकांनी पुढे भरून काढली.

१८९४ च्या शोधात काय होते?

दाताचे वरचे आवरण म्हणजे एनॅमल, त्याखाली डेंटीन आणि सर्वात आत पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा. हा गाभा मुळांमधील बारीक नळ्यांतून टोकापर्यंत जातो. मुळाच्या टोकाशी असलेल्या अगदी अरुंद छिद्रातून त्याला रक्त मिळते. कीड खोलवर गेली की पल्पला सूज येते. इतरत्र सूज पसरायला जागा असते, पण इथे चहूबाजूंनी कठीण भिंती असतात. आतला दाब वाढतो, असह्य ठणका लागतो आणि अखेर पल्प मरतो. दुखणे त्या वेळी अचानक थांबूही शकते. रुग्णाला बरे वाटते, पण संसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत असतो.

अशाच खराब झालेल्या पल्पचे नमुने मिलर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना गोल, दंडाकार आणि सर्पिल अशा विविध आकारांचे जीवाणू दिसले. नळीच्या वरच्या भागातील आणि मुळाच्या टोकाकडील जीवाणू सारखे नसतात, हेही त्यांनी नोंदवले. डोळ्यांना दिसणाऱ्या जीवाणूंपैकी अनेक प्रकार प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हते, ही त्यांची नोंद फार मोलाची ठरली. त्याचे कारण बऱ्याच नंतर समजले. यातील बहुतेक जीवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढणारे आहेत आणि मिलर यांच्या काळातील तंत्राने त्यांची नीट वाढ करणे शक्य नव्हते.

मग दात उपटण्याची लाट कशी आली?

मिलर यांनी १८९१ मध्ये आणखी एक लेख लिहिला होता. तोंडातील संसर्ग शरीराच्या अन्य भागांत रोग निर्माण करू शकतो, अशी त्याची मांडणी होती. म्हणून असा दात काढून टाका, असे मात्र त्यांचे सांगणे नव्हते. दाताच्या नळ्या स्वच्छ करून भराव्यात, असा त्यांचा सल्ला होता.

हा सल्ला मागे पडला. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे दिलेल्या व्याख्यानात, सडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल बसवणाऱ्या दंतवैद्यकावर कठोर टीका केली. निष्काळजी कामावरची ती टीका रास्तही होती. पण त्याच सुमारास क्ष-किरण चित्रे उपलब्ध झाली आणि मुळांच्या टोकाशी हाड झिजल्याचे डाग दिसू लागले. संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, थकवा अशा अनेक तक्रारींचे खापर दातांवर फुटू लागले. पल्प मेलेला दात म्हणजे विषाचे कोठार, असे मानले जाऊ लागले. अमेरिकेत तर न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरांनी वेड बरे करण्याच्या नावाखाली रुग्णांचे दात काढले. अनेक दंतवैद्यक महाविद्यालयांत रूट कॅनलचे शिक्षण मागे पडले.

मिलर यांना या विपर्यासाला उत्तर देता आले असते का?

ती संधीच त्यांना मिळाली नाही. आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाचे अध्यक्षपद भूषवून त्यांनी जागतिक कीर्ती मिळवली होती. बर्लिनमध्ये दोन दशकांहून अधिक काळ शिकवल्यानंतर, ज्या मिशिगन विद्यापीठात ते शिकले, तिथेच दंतवैद्यक महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून रुजू होण्यासाठी १९०७ मध्ये ते मायदेशी परतले. ते पद सांभाळण्याआधीच त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला. शस्त्रक्रियेनंतर २७ जुलै १९०७ रोजी ओहायोतील न्यूअर्क येथे त्यांचे निधन झाले. चोपन्नावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर होता. हंटर यांचे व्याख्यान त्यानंतर तीन वर्षांनी झाले.

लाट ओसरली कशी?

दात आणि टॉन्सिल काढूनही संधिवाताचे रुग्ण बरे होत नाहीत, हे हळूहळू दिसू लागले. अमेरिकेतील सेसिल आणि अँजेव्हिन या डॉक्टरांनी १९३८ मध्ये संधिवाताच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या उपायाचा फायदा होत नसल्याचे दाखवले. विशेष म्हणजे सेसिल स्वतः आधी या विचाराचे समर्थक होते. त्यानंतर दात वाचवणाऱ्यांना बळ मिळाले. रूट कॅनल तज्ज्ञांची अमेरिकी संघटना १९४३ मध्ये स्थापन झाली आणि १९६३ मध्ये अमेरिकी दंतवैद्यक संघटनेने या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा दिला.

जीवाणू तिथे असतात, एवढे मिलर यांनी दाखवले होते. रोगाचे कारण तेच आहेत, याचा पक्का पुरावा १९६५ मध्ये मिळाला. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दाढांचा पल्प उघडा केला. नेहमीच्या उंदरांमध्ये पल्प सडला. पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र तो जिवंत राहिला आणि जखमेवर नवे डेंटीन तयार झाले. स्वीडनच्या सुंडक्विस्ट यांनी १९७६ मध्ये मार लागून पल्प मेलेल्या, पण वरून शाबूत असलेल्या दातांचा अभ्यास केला. जिथे जीवाणू होते, तिथेच मुळाच्या टोकाशी हाड झिजलेले आढळले. पल्प नुसता मेला म्हणून दात ‘विषारी’ होत नाही, हे यातून सिद्ध झाले.

आजच्या उपचारात हे सूत्र कुठे दिसते?

जवळपास प्रत्येक पायरीत. दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. रबर डॅम १८६४ मध्ये वापरात आला तो दात कोरडा ठेवण्यासाठी. आज त्याचे मुख्य काम लाळेतील जीवाणूंना नळीबाहेर रोखणे हे आहे. त्यानंतर दाताला वरून छिद्र पाडून सगळ्या नळ्या शोधल्या जातात. वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळे असली तरी अनेकदा चार नळ्या असतात. चौथी राहून गेली तर तिथले जीवाणूही तसेच राहतात. क्ष-किरण चित्र आणि विद्युत उपकरणाच्या मदतीने नळीची लांबी मोजतात आणि बारीक लवचीक फाइलने ती रुंद करतात.

फाइल नळीच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचू शकत नाही. म्हणून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने नळ्या वारंवार धुतात. ते जीवाणूंना मारते आणि मृत पेशी विरघळवते. संसर्ग जास्त असेल तर काही दिवस कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. शेवटी गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ आणि सिमेंट यांनी नळी बंद करतात. उरलेसुरले जीवाणू आतच कोंडले जावेत आणि नवे शिरू नयेत, हा त्यामागचा हेतू. दाढेवर टोपी बसवण्याचेही तेच कारण आहे, शिवाय पोकळ झालेली दाढ त्यामुळे तुटत नाही. वरचे भरण गळू लागले, तर आतला चांगला उपचारही वाया जाऊ शकतो.

केवळ प्रतिजैविकांनी का भागत नाही?

गोळ्या घेऊन रूट कॅनल पुढे ढकलण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. गोळीतील औषध रक्तातून पोहोचते आणि मेलेल्या पल्पमध्ये रक्तपुरवठाच उरलेला नसतो. आसपासची सूज उतरते, ठणका कमी होतो, पण नळीतील जीवाणूंपर्यंत औषध जात नाही. चेहऱ्यावर सूज पसरणे किंवा ताप येणे, अशा वेळी प्रतिजैविके लागतात. तीही मूळ उपचाराला जोड म्हणून. गिळताना वा श्वास घेताना त्रास होत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

उपचार यशस्वी झाला, हे कसे कळते?

दुखणे थांबले म्हणजे काम झाले, असे नाही. मुळाच्या टोकाशी झिजलेले हाड भरून यायला अनेक महिने, काही वेळा वर्षेही लागतात. म्हणून साधारण वर्षभराने पुन्हा क्ष-किरण चित्र काढून पाहतात. डाग लहान होत गेला, तर जीवाणू आटोक्यात आले असे समजतात. तो वाढत असेल, तर नळ्या पुन्हा उघडून साफ कराव्या लागतात किंवा शस्त्रक्रियेने मुळाचे टोक काढावे लागते. हे पर्याय संपल्यावरच दात काढण्याचा विचार होतो.