बार्बरा जॉर्डन आणि मतदारसंघाच्या रेघा

बार्बरा जॉर्डन म्हटले की निक्सन यांच्या महाभियोगावरील भाषण आठवते. आम्हाला मात्र, वकिलीत असल्यामुळे असेल, त्यांच्या आधीच्या दोन पराभवांत जास्त रस आहे.

१९३६ साली टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात त्यांचा जन्म झाला. वडील गोदामात कारकून व बाप्टिस्ट धर्मोपदेशक. बार्बरा ज्या टेक्सास सदर्न विद्यापीठात शिकल्या, ते १९४७ साली का निघाले? हेमन स्वेट हा कृष्णवर्णीय ऑस्टिनच्या गोऱ्यांच्या लॉ स्कूलचे दार ठोठावत होता, त्याला बाहेर ठेवण्यासाठी! वेगळा पाणवठा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

१९५९ साली बॉस्टनहून कायद्याची पदवी घेऊन त्या परतल्या. १९६२ आणि १९६४ साली राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी उभ्या राहिल्या व दोन्ही वेळा पडल्या. संपूर्ण हॅरिस कौंटीने मतदान करायचे, अशी तेव्हाची पद्धत. काळ्या वस्त्यांची मते गोऱ्या बहुसंख्येत बुडून जात. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने समान लोकसंख्येच्या मतदारसंघांचा निकाल दिला, नव्या रेघा ओढल्या गेल्या आणि १९६६ साली त्याच शहरातून बार्बरा राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. १८८३ नंतर तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. पुणे करारावर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी हा तपशील टिपून ठेवावा.

१९७२ साली त्या अमेरिकन काँग्रेसमध्ये गेल्या. दक्षिणेतून तेथे पोहोचलेल्या पहिल्या काळ्या महिला. जी घटना लिहिताना त्यांच्या समाजाला माणसात धरले नव्हते आणि जिच्यात दुरुस्त्या व न्यायालयीन निकालांनी पुढे त्यांना जागा मिळाली, तिच्याच आधारे त्यांनी १९७४ साली राष्ट्राध्यक्षाला जाब विचारला.

लिंडन जॉन्सन यांच्याशी जवळीक असल्याने त्यांच्यावर टीकाही झाली. पण १९७५ साली स्वतःच्याच राज्याच्या गव्हर्नरचा विरोध असताना टेक्सासला मताधिकार कायद्याच्या कक्षेत आणण्यासाठी त्या झटल्या. त्यामुळे निवडणुकीचे नियम वा मतदारसंघ बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घेणे राज्याला भाग पडले. स्पॅनिश भाषिकांनाही संरक्षण मिळाले.

१९७९ साली काँग्रेस सोडून त्या ऑस्टिनला प्राध्यापक झाल्या. होय, स्वेटला नाकारणाऱ्या त्याच विद्यापीठात! १७ जानेवारी १९९६ रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पूर्वमंजुरीची ती अट निष्प्रभ झाली आणि टेक्सासने ओढलेल्या रेघांविरुद्ध पुन्हा एकेक दावा लढण्याची वेळ आली.