परीक्षा चुकवायला एक पेपर लिहायला घेतला, आणि त्यावर आज आपला डेटा वाचतोय

शिरूर-दौंड पट्ट्यात दिवसाला दीड जीबीचा पॅक मारणारे खूप. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करणारी पोरं असोत नाहीतर दौंड जंक्शनवर गाडीची वाट बघणारे. तेवढ्या पॅकमध्ये घरच्या ग्रुपवर फोटो जातात, सातबाऱ्याची पीडीएफ उतरते. हे जमतं त्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे, डेव्हिड हफमन.

जन्म 9 ऑगस्ट 1925, अमेरिकेतल्या ओहायोमध्ये. 1944 साली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री हातात. मग नौदलात रडार सांभाळायची नोकरी आणि नंतर पुढच्या शिक्षणासाठी एमआयटी.

1951 साली तिथले प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला पर्याय दिला. फायनल परीक्षा द्या, नाहीतर एक पेपर लिहा. विषय होता, माहिती कमीत कमी जागेत कशी बसवायची. हफमनने पेपर निवडला. सरांनी एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. हा प्रश्न खुद्द त्यांना आणि माहितीशास्त्राचा बाप मानल्या जाणाऱ्या क्लॉड शॅननला नीट सुटला नव्हता.

कित्येक महिने गेले, हाती काही लागेना. शेवटी हफमनने नाद सोडला. कागद फेकून परीक्षेचा अभ्यास करायचा असं ठरलं, आणि त्याच वेळी उत्तर सुचलं.

युक्ती ऐकायला सोपी आहे. मराठी मजकुरात काना पावलोपावली येतो, ङ क्वचितच. मग दोघांना सारखीच जागा कशाला? जे वारंवार येतं त्याला छोटा कोड, जे क्वचित येतं त्याला लांब. इथवर फॅनोही पोचले होते, पण ते वरून खाली विभागणी करत होते. हफमनने उलटं केलं. सगळ्यात कमी येणारी दोन चिन्हं घ्यायची, त्यांची जोडी लावायची, ती जोडी एकच चिन्ह धरायची आणि पुन्हा तेच करायचं. एकेका चिन्हाला वेगळा कोड द्यायचा असेल तर या रीतीने सरासरीने सर्वात काटकसरीचे कोड मिळतात, हे त्याने सिद्धही केलं. 1952 साली पेपर छापून आला.

आज झिप, पीएनजी आणि बहुतेक जेपीजी फोटोंच्या पोटात हीच पद्धत आहे. वेबसाईटचा मजकूरसुद्धा अनेकदा असाच दाबून येतो आणि मोबाईलमध्ये उलगडतो.

पण सगळं हफमनवर ढकलून चालत नाही. फोटो आधीच दाबलेला असतो, त्याची झिप केली तर जवळपास काहीच वाचत नाही. पुढचं काम अ‍ॅपचं. आधी छोटी झलक दाखवायची, बोट लावल्यावरच मोठी फाईल आणायची, एकदा आणलेली पुन्हा मागवायची नाही, रेंज गेली तर जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करायचं. न विचारता व्हिडिओ चालू करणारी अ‍ॅप्स हफमनने वाचवलेलं दोन मिनिटांत उधळतात.

हफमनने या पद्धतीचं पेटंट कधी घेतलं नाही. 1967 साली एमआयटी सोडून तो कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात गेला आणि तिथला कॉम्प्युटर विभाग उभा केला. पुढे त्याला नाद लागला तो कागदाच्या घड्यांचा, वक्र रेषेवर कागद दुमडला तर काय होतं याचं गणित मांडण्याचा. 7 ऑक्टोबर 1999 ला कॅन्सरने त्याचं निधन झालं.