बिछान्यातून उभे राहिलेले चित्रविश्व

हवे तेव्हा, हवे तिथे एकटीने जाण्याची मोकळीक विसाव्या शतकाच्या आरंभी जगात बहुतेक ठिकाणी स्त्रीच्या वाट्याला तशीही कमीच होती. त्यात शरीराने साथ सोडली, की घराचा उंबरठा हीच तिच्या जगाची सीमा ठरे. मेक्सिकोच्या थोर चित्रकार फ्रीडा काहलो यांचे आयुष्य म्हणजे या दुहेरी बंधनाशी दिलेली झुंज होती.

६ जुलै १९०७ रोजी मेक्सिको शहरालगतच्या कोयोआकान येथे त्यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षी पोलिओने गाठले. कित्येक महिने अंथरुणात काढून त्या उठल्या, तेव्हा उजवा पाय कायमचा बारीक झाला होता. बरोबरीची मुले त्यावरून चिडवीत. वडील गियेर्मो हे व्यवसायाने छायाचित्रकार होते आणि त्यांना स्वतःला अपस्माराचा विकार होता. मुलीला घरात जपून ठेवण्याऐवजी त्यांनी तिला फुटबॉल, पोहणे, कुस्ती असे त्या काळी केवळ मुलांचे मानले जाणारे खेळ खेळायला लावले.

१९२२ मध्ये फ्रीडा राजधानीतील राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयात दाखल झाल्या. सुमारे २००० विद्यार्थ्यांत मुली होत्या जेमतेम ३५. डॉक्टर होण्याचे त्यांच्या मनात होते. मात्र १७ सप्टेंबर १९२५ रोजी त्यांची बस ट्रामखाली सापडली. लोखंडी दांडा शरीरात घुसला. पाठीचा कणा, कंबरेचे हाड आणि उजवा पाय ठिकठिकाणी मोडला. वैद्यकीय शिक्षणाचा विचार तेथेच संपला. आईने पलंगावर झोपून रंगवता येईल अशी चौकट करवून घेतली, वर आरसा बसवला. आरशात दिसणारा स्वतःचा चेहरा हाच मग त्यांच्या चित्रांचा विषय झाला.

१९२९ मध्ये त्यांनी विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्याशी विवाह केला. रिव्हेरा परातींवर चढून सार्वजनिक इमारतींच्या भव्य भिंती रंगवीत, देशोदेशी कामे घेत. फ्रीडा यांची चित्रे बहुधा बिछान्यात किंवा खुर्चीत बसून हाताळता येतील एवढीच असत. पण त्या छोट्या चौकटीत त्यांनी तोवर कलेने टाळलेले विषय आणले. १९३२ मध्ये डेट्रॉइट येथे त्यांचा गर्भपात झाला. रुग्णालयातील ते दुःख त्यांनी आडपडदा न ठेवता रंगवले. १९४४ च्या 'भंगलेला स्तंभ' या चित्रात कण्याच्या जागी तडकलेला खांब आणि देह सावरणारे पट्टे दिसतात. अपंग स्त्रीचे शरीर तेथे दयेचा विषय उरत नाही. ते पाहणाऱ्याच्या नजरेला नजर देते. तेहुआंतेपेकच्या स्त्रियांचे लांब घागरे त्या अभिमानाने वापरीत. त्या वेशाने पाय झाकला जाई आणि मायभूमीशी असलेले नातेही मिरवले जाई.

आयुष्यभरात त्यांच्यावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. एप्रिल १९५३ मध्ये मेक्सिकोत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. अंथरूण सोडण्यास डॉक्टरांची मनाई होती. तेव्हा त्यांनी पलंगच दालनात हलवला आणि स्वतः रुग्णवाहिकेतून तेथे पोहोचल्या. त्याच वर्षी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. जुलै १९५४ च्या आरंभी, ग्वाटेमालातील अमेरिकी हस्तक्षेपाविरुद्धच्या मोर्चात त्या चाकांच्या खुर्चीतून सामील झाल्या. १३ जुलै रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०११ च्या अहवालानुसार, पाहणी झालेल्या ५९ देशांत प्रौढ पुरुषांमध्ये अपंगत्वाचे प्रमाण १२ टक्के, तर स्त्रियांमध्ये १९.२ टक्के आढळले. फ्रीडा यांच्याकडे आस्थेवाईक पिता होता, रंग होते, पलंगावर चौकट बसवून देणारे घर होते. या आकड्यांतील असंख्य स्त्रियांना यातले काहीच लाभत नाही. कोयोआकानच्या त्या निळ्या घरात १९५८ पासून संग्रहालय आहे. तेथे जपलेल्या फ्रीडा यांच्या कुबड्या आणि प्लास्टरचे पट्टे म्हणूनच एकट्या त्यांचीच कहाणी सांगत नाहीत.