प्रकाशाची लिपी

इ. स. १८०१ च्या जुलै महिन्यात जर्मनीतील म्यूनिक शहरात एक घर एकाएकी कोसळले. काही तासांनी ढिगाऱ्याखालून चौदा वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर काढण्यात आला. त्याचे नाव योझेफ फ्राउनहोफर.

योझेफचा जन्म १७८७ साली श्ट्राउबिंग या गावी एका गरीब काचकाम्याच्या घरी झाला. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपल्यामुळे तो म्यूनिकमधील एका आरसे करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागला. त्याला विद्येची विलक्षण ओढ होती. परंतु त्याचे वाचन मालकास खपत नसे.

अपघाताच्या जागी बव्हेरियाचा अधिपती मॅक्सिमिलियन स्वतः आला होता. त्याने योझेफला अठरा मोहरा दिल्या. त्यांतून योझेफने काच घासण्याचे यंत्र घेतले व पुढे उमेदवारीतून आपली मुक्तता करून घेतली. उट्झश्नायडर नावाच्या सद्गृहस्थाने त्याला पुस्तके पुरविली आणि १८०६ साली आपल्या कारखान्यात घेतले. तेथे निर्दोष भिंगे घडविण्याचा योझेफला ध्यास लागला.

१८१४ साली त्याने लोलकातून आलेला सूर्यप्रकाश दुर्बिणीतून न्याहाळला. रंगांच्या पट्ट्यात असंख्य काळ्या रेषा दिसल्या! त्याने चिकाटीने पाचशेंहून अधिक रेषा मोजल्या. शुक्राच्या प्रकाशातही त्याच रेषा आढळल्या, कारण शुक्र सूर्याचाच प्रकाश परत पाठवितो. व्याधाच्या प्रकाशातील रेषा मात्र निराळ्या होत्या.

या रेषांचा अर्थ कळण्यापूर्वीच, १८२६ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने त्याचा अंत झाला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हे किर्खोफ व बुन्सेन यांनी १८५९ च्या सुमारास दाखविले.

पुढे शास्त्रज्ञ लघुग्रहांकडे वळले. लघुग्रहही सूर्यप्रकाशानेच उजळतात; परंतु त्यांवरील खनिजे त्या प्रकाशातील काही किरण शोषून घेतात. कोणते किरण उणे झाले, हे पाहून खनिज ओळखता येते. १९७० साली वेस्टा या लघुग्रहाच्या प्रकाशात पायरॉक्सीन या खनिजाची खूण सापडली. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातही हे खनिज असते. वेस्टावर एके काळी लाव्हारस वाहिला असावा, असे अनुमान त्यावरून निघाले. २०११ साली 'डॉन' हे अवकाशयान वेस्टाजवळ पोहोचले, तेव्हा तेथील खडकांची ओळख खरी ठरली.

ज्या मुलाला पुस्तक हाती घेण्याची मोकळीक नव्हती, त्याने प्रकाशात लिहिलेली अक्षरे प्रथम बारकाईने टिपली. दूरच्या पाषाणांची ओळख आज जगाला त्या अक्षरांतूनच पटते.