आपल्या बडोद्याचे विजय हजारे



थोर व्यक्तींची चरित्रे आपल्या वार्तापत्रातून मुलांपुढे ठेवावीत, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळी आम्ही क्रिकेटपटू विजय हजारे यांचे चरित्र निवडले आहे. कारेलीबागेत संध्याकाळी कोणत्याही सोसायटीसमोरून जा, मुले बॅट-बॉल घेऊन खेळताना दिसतातच. त्यांतल्या बहुतेकांनी विजय हजारे ट्रॉफीचे नाव टीव्हीवर ऐकलेले असते. परंतु ज्यांच्या नावाने ही स्पर्धा खेळली जाते ते गृहस्थ आपल्या बडोद्यात राहत होते आणि घरी मराठी बोलत होते, हे पुष्कळ मुलांना माहीत नसते.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळेत शिक्षक होते. घरात आठ भावंडे. शिक्षकाच्या पगारात आठ मुलांचा संसार म्हणजे काय, हे आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना वेगळे सांगायला नको. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नसे. ज्याला खेळायचे असे त्याला एखाद्या संस्थानिकाचा आश्रय लागे. सांगलीजवळच्या जत संस्थानचा आश्रय विजयरावांना लाभला आणि त्यामुळे ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शनही मिळाले. कसोटी क्रिकेटमध्ये २०० बळी घेणारे ग्रिमेट हे जगातले पहिले गोलंदाज. अशा गुरूकडून शिकण्याची संधी त्या काळी भारतातल्या फार थोड्या मुलांना मिळाली असेल.

१९३४-३५ च्या हंगामात विजयराव महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. १९३९-४० मध्ये पुण्याला त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. गंमत अशी की समोरचा संघ होता बडोद्याचा! पुढे १९४१ च्या सुमारास ते बडोद्यास आले, गायकवाड सरकारच्या सेवेत दाखल झाले आणि कायमचे बडोदेकर झाले. आपल्या समाजातील कितीतरी घराण्यांचे पूर्वज असेच सरकारी नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. त्या दृष्टीने विजयरावांची कथा ही आपल्या घरांचीच कथा आहे.

आता मुलांनो, १९४३ सालच्या एका सामन्याकडे वळू या. त्या वेळी मुंबईत पंचरंगी सामने होत असत. यात संघ धर्माप्रमाणे पाडलेले होते : हिंदू, मुस्लीम, पारशी, युरोपियन, आणि जे या चारांत बसत नाहीत त्यांचा पाचवा संघ, त्याचे नावच मुळी 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. विजयराव ख्रिस्ती असल्यामुळे या 'बाकीच्यां'कडून खेळत. त्या वर्षी मुस्लीम संघाविरुद्ध २४८ धावा काढून त्यांनी आपल्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. ब्रेबॉर्न स्टेडियमवरील अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा केल्या, त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. 'बाकीच्यां'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यांतल्या ५९ विजयरावांच्या. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात संघाने ३८७ धावा केल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजयरावांच्या होत्या. एवढे करूनही त्यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

हा विक्रम पुष्कळांना माहीत असतो. परंतु आम्हाला मुलांचे लक्ष दुसऱ्याच एका आकड्याकडे वेधायचे आहे. त्या डावात विजयराव आणि त्यांचे धाकटे बंधू विवेक यांनी ३०० धावांची भागीदारी केली. या भागीदारीच्या वेळी विवेक हजारे यांनी स्वतः किती धावा केल्या? फक्त २१. धावफलकावर ३०९ च्या शेजारी २१ हा आकडा अगदी केविलवाणा दिसतो. पण क्रिकेट जाणणाऱ्याला ठाऊक आहे की समोरच्या टोकाला कोणी टिकून उभे नसेल तर उत्तमातला उत्तम फलंदाजही पुढे जाऊ शकत नाही. विवेक बाद झाले असते तर ३०९ झाल्याच नसत्या. ते २१ जण्याने ३०९ ना जागा करून दिली.

विजयरावांचे सर्व जीवन आम्हाला याच दृष्टीने पाहावेसे वाटते. त्यांच्या मोठ्या खेळ्या मोजताना समोर कोण उभे होते, हेही आपण पाहू या.

मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना आपल्या बडोद्यात, समोर इंदूरचा होळकर संघ. बडोद्याचे ३ गडी ९१ धावांत बाद झाले होते. विजयरावांच्या जोडीला आले गुल महंमद, लाहोरचे ठेंगणे डावखुरे फलंदाज. दोघांनी मिळून ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद यांच्या ३१९, विजयरावांच्या २८८. बडोदा एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम ५९ वर्षे टिकला. २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने या जोडीने ६२४ धावा करून तो मोडला. पालकांनी या सामन्याच्या तारखेकडे लक्ष द्यावे. फाळणीला जेमतेम पाच महिने उरले होते, देशात ठिकठिकाणी दंगली पेटल्या होत्या. अशा वेळी एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान बडोद्याच्या संघासाठी एकमेकांच्या हाकेवर धावत होते. इथे संघ धर्माने पाडलेला नव्हता, गावाने बांधलेला होता. इथे कोणी 'बाकीचे' नव्हते. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडून एक कसोटीही खेळले. परंतु ५७७ या आकड्यात ती दोन नावे कायमची एकत्र राहिली.

दुसऱ्या महायुद्धामुळे विजयरावांची उमेदीची वर्षे कसोटी क्रिकेटविना गेली. १९४६ मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळताना त्यांचे वय ३१ होते. पुढच्याच दौऱ्यात, जानेवारी १९४८ मध्ये, ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. त्यांत ब्रॅडमन यांच्या २०१ होत्या आणि त्यांचा त्रिफळा विजयरावांनीच उडवला. नंतर फलंदाजीत त्यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. पहिल्या डावात साथीला होते कोल्हापूरचे दत्तू फडकर, त्यांनी १२३ धावा केल्या. दुसऱ्या डावात बडोद्याकडूनच खेळणाऱ्या हेमू अधिकारी यांनी ५१ धावा करून साथ दिली. भारत तो सामनाही एक डाव आणि १६ धावांनी हरला.

जून १९५२, इंग्लंडमधील लीड्स. आता विजयराव भारताचे कर्णधार होते. ३ बाद ४२ अशा अवस्थेत वीस वर्षांचे विजय मांजरेकर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी २२२ धावांची भागीदारी केली. मांजरेकरांनी आपले पहिले कसोटी शतक काढले, १३३ धावा. कर्णधाराच्या ८९. या वेळी मोठा आकडा तरुणाचा होता आणि आधार अनुभवी माणसाचा. याच कसोटीत आपल्या बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड यांनी पदार्पण केले. दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार गडी शून्य धावसंख्येवर बाद झाले, आणि त्या चौघांत गायकवाड आणि मांजरेकर हे दोघेही होते. तेव्हा विजयरावांनी ५६ धावा करून डाव सावरण्याचा प्रयत्न केला, पुन्हा फडकरांच्याच साथीने. शून्यावर बाद झालेले गायकवाड पुढे १९५९ मध्ये भारताचे कर्णधार झाले. पहिल्या सत्र परीक्षेत कमी गुण पडल्यामुळे रडवेल्या झालेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

आणि आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली, परंतु पहिला विजय मिळायला फेब्रुवारी १९५२ उजाडावे लागले. मद्रास येथे इंग्लंडवर एक डाव आणि ८ धावांनी मात केली. कर्णधार होते विजय हजारे. त्या सामन्यात विनू मांकड यांनी १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके काढली. कर्णधारांच्या धावा किती? केवळ २०. त्याच मालिकेत दिल्लीला नाबाद १६४ आणि मुंबईला १५५ धावा करूनही जो विजय मिळाला नव्हता, तो त्यांनी २० धावा केल्या त्या सामन्यात मिळाला. ॲडलेडला त्यांनी दोन शतके काढली आणि संघ हरला. मद्रासला इतरांनी शतके काढली आणि संघ जिंकला. १९४३ मध्ये धाकट्या भावाने जे स्थान सांभाळले होते, तेच त्या दिवशी वडील भावाने सांभाळले.

विजयराव १९५३ पर्यंत ३० कसोटी सामने खेळले. त्यांत ४७.६५ च्या सरासरीने २१९२ धावा आणि ७ शतके. कसोटीत एक हजार धावा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. इंग्लंडमध्ये लँकशायर भागातील क्लबसाठी ते मानधन घेऊन व्यावसायिक खेळाडू म्हणूनही खेळले. रणजी करंडक बडोद्याने १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५० आणि १९५७-५८ मध्ये जिंकला, त्या चारही वेळी विजयराव संघात होते. शेवटच्या वेळी गायकवाड कर्णधार होते, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी विजयरावांनी अंतिम सामन्यात द्विशतक काढले. आपल्यानंतर आलेल्या तरुण कर्णधाराच्या हाताखाली खेळण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी बडोद्यातच त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या नावाच्या ट्रॉफीचा अंतिम सामना आपल्या शहराबाहेरील कोटंबीच्या मैदानावर झाला, हा योग आम्हा बडोदेकरांना समाधान देणारा होता.

पालकहो, निकालाच्या दिवशी आम्ही शाळेच्या दाराशी उभे राहून चेहरे पाहतो. पहिल्या क्रमांकाच्या मुलाचे पेढे सर्वांपर्यंत पोहोचतात. पण त्याच वर्गात एखादी मुलगी असते जी आजारी मैत्रिणीसाठी रोज वही उतरवून देते. एखादा मुलगा असतो जो घरी लहान भावाला सांभाळतो आणि मग अभ्यासाला बसतो. त्यांच्या गुणपत्रिकेवर २१ असतात. घरी गेल्यावर त्यांची तुलना शेजारच्या ३०९ शी होते. आमची पालकांना हात जोडून विनंती आहे की ही तुलना करण्यापूर्वी, आपले मूल कोणाच्या तरी समोरच्या टोकाला उभे आहे का, हे एकदा पाहावे.

विश्वस्त मंडळालाही आमची एक सूचना आहे. वार्षिक पारितोषिक समारंभात गुणवत्ता यादीबरोबरच प्रत्येक इयत्तेतून एक पारितोषिक अशा विद्यार्थ्याला द्यावे, ज्याने दुसऱ्याला पुढे जाण्यास मदत केली. त्याची निवड गुणांवरून न करता वर्गातील मुलांनीच करावी, कारण कोण कोणासाठी उभे राहिले हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहींच्या नावावर पुढे ३०९ लागतील, त्यांचे आम्हाला कौतुकच असेल. पण ज्यांच्या नावावर २१ लागतील त्यांनी मान खाली घालू नये. विकेट सांभाळून उभे राहावे. सर्वांना नवीन सत्रासाठी हार्दिक शुभेच्छा आणि शुभाशीर्वाद.