फादर थॉमस स्टीफन्स आणि संदेष्ट्यांची भाकिते

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमध्ये झाला. रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोहोचले. साष्टीत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे सेवा केली. तेथील नवख्रिस्ती जनांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी ख्रिस्ती पुराण हवे होते. म्हणून फादरांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. शब्द ओळखीचा, अर्थ ख्रिस्ती.

पहिल्या पुराणात जुना करार व तारणाऱ्याचे अभिवचन आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. भाकीत आणि त्याची पूर्तता अशी ही जोडी आहे. दाविदाचे सिंहासन शब्दशः घेणाऱ्यांना तलवारीचा राजा हवा होता. आपला राजा क्रुसावर चढला. पण सारेच रूपक मानावे, तर मीखा संदेष्ट्याने सांगितलेले बेथलेहेम खरोखरच प्रभूचे जन्मगाव ठरले.

१६१९ साली फादर गोव्यात प्रभुचरणी विलीन झाले. भाविकहो, आगमनकाळात संदेष्ट्यांची वाचने ऐकताना शुभवर्तमानही शेजारी उघडे ठेवूया.