विश्लेषण : दांडगट पोरांना आवरण्यासाठी जन्मला बास्केटबॉल!

मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीए मैदानावर मुले बास्केटबॉल खेळतात. हा खेळ जगभर नेला वायएमसीएने, आणि तो जन्मलाही याच संस्थेच्या अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड शहरातल्या प्रशिक्षण विद्यालयात. त्याचे जनक जेम्स नेस्मिथ.

कोण होते नेस्मिथ?

जन्म १८६१ चा, कॅनडातला. लहानपणीच आई-वडील टायफॉइडने गेले, मामाने सांभाळले. शाळा सोडून लाकूडतोड केली, मग पुन्हा शाळा, मॅकगिल विद्यापीठ आणि धर्मशास्त्र. धर्मोपदेशक होऊ घातलेला हा तरुण रग्बीही खेळे. प्रवचनापेक्षा मैदानावर तरुण लवकर घडतात असे त्याला वाटू लागले आणि १८९० मध्ये तो स्प्रिंगफिल्डला आला.

खेळ कसा सुचला?

१८९१ चा हिवाळा. बाहेर बर्फ, आत त्याच त्या कवायतीला कंटाळलेले १८ दांडगट विद्यार्थी. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथना १४ दिवसांची मुदत दिली. फुटबॉल, लॅक्रोस हे खेळ व्यायामशाळेत आणून पाहिले, पण हाडे मोडायची वेळ आली.

मग त्यांनी मारामारीचे मूळ शोधले. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवताना धक्काबुक्की होते ना? मग पळायलाच बंदी! समोरच्या गोलात चेंडू जोरात मारला जातो. गोल डोक्यावर नेला तर जोर कामाचा नाही, नेम हवा. पीच फळांच्या दोन टोपल्या १० फुटांवरच्या सज्जाला ठोकल्या आणि १३ नियम टंकून भिंतीवर लावले. दुसरा फाउल केला की पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. पहिला सामना ९ विरुद्ध ९ असा झाला आणि १-० असा सुटला! पण पोरे खेळात रमली.

पुढे काय झाले?

नेस्मिथ डॉक्टर झाले आणि १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठात राहिले. तिथे संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांचे ५५ विजय, ६० पराभव. खेळाचा जनकच तोट्यात! जिंकण्याचे त्यांना फारसे वेड नव्हतेच.

खरी कसोटी १९३३ मध्ये आली. जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससमध्ये दाखल झाला. विद्यापीठाच्या संघाची दारे त्याच्या वर्णाला बंद होती आणि ती नेस्मिथनाही उघडता आली नाहीत. चारित्र्य घडवणाऱ्या खेळाला हे लांच्छनच. मात्र त्यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतले, प्रशिक्षक होण्याचे धडे दिले.

नेस्मिथ १९३९ मध्ये गेले. १९४४ च्या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, शहर चर्चमध्ये असताना, डरहॅम शहरात मॅकलेंडन यांच्या कृष्णवर्णीय संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाशी चोरून सामना खेळला. व्यायामशाळेची दारे आतून बंद होती. मॅकलेंडन यांचा संघ मोठ्या फरकाने जिंकला. मग दोन्हीकडच्या मुलांनी संघ मिसळले आणि पुन्हा खेळायला सुरुवात केली.